रंगूचं पुढे काय झालं

“हे पहिले तुमी न्या ताई. मंग बाकीच्याइले देतो,” असं म्हणत ग्रंथपाल नत्थुजींनी टेबलाच्या खणातून एक कोरं पुस्तक काढलं. आतल्या पानावरचा वाचनालयाचा शिक्का अजून ओला होता.

दामिनीने नाव वाचलं. ‘उतरली ती रंगू’. मग मागच्या बाजूचा मजकूर वाचला आणि पुन्हा नाव वाचलं. हातातली भाजीची पिशवी तिने खाली टेकवली ती नीट टेकलीच नाही. दोन वांगी घरंगळत खुर्चीखाली गेली, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

“आपली रंगू?”

“मंग कोणती? सगुणेची रंगू. पळसगडची.” नत्थुजी वाकून वांगी शोधू लागले. “नवीन पुस्तकाइच्या यादीत नाव दिसलं तवाच मनात म्हणलं, हे गावंडे सरांच्या घरचं काम हाये.”

भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता. दोनच्या आत घरी पोचायला हवं होतं. दामिनीने पुस्तक मेथीच्या जुडीखाली सारलं आणि ती भराभर पायऱ्या उतरली.

गावंडे सर म्हणजे तिचे वडील, खुशालराव. चौतीस वर्षं त्यांनी दर्यापुरात मराठी शिकवलं होतं. वर्गात शुद्ध भाषा, घरी आले की वऱ्हाडी. ‘पळसगडची सगुणा’ ही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची कादंबरी म्हणजे त्यांचं दैवत. गडकऱ्याची बायको सगुणा, नवऱ्याने संशयावरून तिला गडावर कोंडलेलं, आणि शेवटपर्यंत तिने टिकवलेलं मन. सर शिकवायला लागले की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा हलायची नाहीत. त्यांचे जुने विद्यार्थी आता नातवंडं घेऊन भेटायला येत आणि म्हणत, “सर, सगुणेचं कोंडणं अजून डोळ्यासमोर हाये.”

अकरा वर्षांपूर्वी काचबिंदूने सरांचे दोन्ही डोळे गेले. आई त्याआधीच गेली होती. दामिनी तेव्हा एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होती, ती शाळा तिने सोडली. भाऊ नितेश अकोल्याला, बियाण्यांच्या एजन्सीत, तिथेच त्याचं बिऱ्हाड. त्यामुळे घरी उरले हे दोघं. आणि उरली दुपारची दोन ते चार ही वेळ.

त्या वेळेत दामिनी वडिलांना वाचून दाखवायची. पुस्तकं पाच, पाचही जुनी, पाचही सरांनी निवडलेली. एक संपलं की दुसरं, पाचवं संपलं की पुन्हा पहिलं. अकरा वर्षांत सगुणा किती वेळा कोंडली गेली याचा हिशोब कोणी ठेवला नव्हता. सरांना सगळं तोंडपाठ होतं, तरी ते ऐकत. घाईत एखादा शब्द गिळला गेला की आरामखुर्चीच्या हातावर बोट वाजायचं.

दामिनीला त्या पुस्तकांचा कंटाळा आला असता तर गोष्ट सोपी झाली असती. पण तिला ती आवडत होती. जुन्या गद्यातली ती लांबलचक, दम लागेपर्यंत चालणारी वाक्यं वाचताना तिच्या आवाजाला आपोआप एक चाल यायची. आपण हे इतकं बरं वाचतो, म्हणूनच आपण इथे अडकलो, असं तिला कधीकधी वाटे. मग ती ताक करायला उठे.

ती एकोणतीस वर्षांची असताना तेल्हाऱ्याचं एक स्थळ आलं होतं. देवानंद नाव, शांत माणूस, पंचायत समितीत नोकरीला. सरांनी पोह्यांची बशी हातात दिल्या दिल्या त्याला विचारलं, “सगुणा वाचली का?” तो मोकळेपणाने म्हणाला, “नाही जी. पण ह्या वाचतात म्हणे, तर मी ऐकत जाईन.” पाहुणे गेल्यावर सर म्हणाले, “ज्यानं सगुणा वाचली नाही त्याच्या घरी माही पोरगी जाणार नाही.” दामिनीला त्या दिवशी अभिमान वाटला होता. मी ऐकत जाईन, हे वाक्य तिला खरं कळलं ते चाळिशी उलटल्यावर.

‘उतरली ती रंगू’ तिने चार सकाळींत वाचलं, स्वयंपाकघरात, वरण शिजेपर्यंत, कणीक मुरेपर्यंत. रंगू म्हणजे सगुणेची दासी. मूळ कादंबरीत ती साडेतीन पानं आहे. चौदाव्या प्रकरणाच्या शेवटी सगुणा तिला माहेरी पोचवायची चिठ्ठी देते, आणि लेखक लिहितो, ‘रंगूने चिठ्ठी अंबाड्यात खोवली व चोरदरवाजाच्या एकवीस पायऱ्या ती उतरली.’ बस. पुढे चिठ्ठी पोचते, फौज येते, सगुणा सुटते, गडावर नगारे वाजतात. रंगूचं नाव पुन्हा येत नाही.

आणि आता कोल्हापूरकडच्या कुणा तरुण लेखिकेने तीनशे पानं लिहिली होती, त्या एकविसाव्या पायरीपासून पुढे.

दामिनीने जुनी प्रत ओट्यावर आणून ठेवली. नव्या पुस्तकात एखादं वाक्य ओळखीचं वाटलं की ती जुन्यात ते हुडकून काढी आणि दोन्हीकडे एसटीच्या तिकिटाचा तुकडा ठेवी. सगुणा गवाक्षातून पाहते ते रान जुन्या पुस्तकात ‘रमणीय’ होतं. तेच रान रंगू तुडवत होती, तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता आणि तिला ते रमणीय दिसत नव्हतं. दामिनी मोठ्याने हसली. बाहेरून सरांनी विचारलं, “काय झालं वं?” ती म्हणाली, “काही नाही. दूध उतू जात होतं.”

नववीत असताना वडीलच तिचे वर्गशिक्षक होते. चौदावं प्रकरण संपलं तेव्हा तिने हात वर केला होता. “सर, रंगूचं पुढे काय झालं?” सरांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, “ते महत्त्वाचं नाही. बस खाली.” पोरं हसली होती. पुस्तक मांडीवर घेऊन ओट्याशी बसलेल्या दामिनीला वाटलं, आपल्यासारखाच हात वर करून कोल्हापूरकडे आणखी एक पोरगी बसली होती. तिने मात्र तो खाली घेतला नाही.

असं काही वाचलं की कुणाला तरी सांगावंसं वाटतं. शेजारच्या माणिकबाईंना ती अंगणात सांगू लागली. त्या दर्यापूरलगतच्या बनोशाच्या बाजारात माळव्याचं, म्हणजे भाजीचं, दुकान लावत. त्यांनी लसूण सोलता सोलता सगळं ऐकलं आणि विचारलं, “मंग पोचली का थे घरी?” दामिनीला बरं वाटलं. पण खरं सांगायचं होतं ते खुर्चीतल्या माणसाला.

एके दिवशी चार वाजता पुस्तक मिटताना तिने विषय काढला.

“बाबा, रंगूवर एक कादंबरी आली हाये. नवीन.”

“कोण रंगू?”

“आपल्या सगुणेची.”

सरांचा चेहरा आंबट झाला. “ज्याइले सोताचं काही सुचत नाही थे लोक असे धंदे करतात. उष्टं हाये थे. त्या माणसानं आयुष्य घालून ताट वाढलं, आन् ह्याइनं त्याच्यात हात घालायचा.”

“पण तिनं चांगलं...”

“तू वाचली?”

दामिनीने मेथी निवडायला घेतली. “नाही,” ती म्हणाली. “नत्थुजी सांगत होते.”

अमरावतीला पुस्तकप्रेमींचं एक मंडळ होतं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ते एका पुस्तकावर बोलत, या महिन्यात ‘उतरली ती रंगू’वर. नत्थुजी तिकडे अधूनमधून जात. त्यांनी दामिनीला न विचारताच तिचं नाव दिलं. “दहा मिनिटं बोलाचं हाये फक्त. लेखिका सोता येऊन राहिली. ताई, त्या हॉलमधल्या कोणाले सगुणा तुमच्याइतकी येत नाही, हे मी लिहून देतो.”

ती दोन दिवस नाही म्हणत राहिली आणि तिसऱ्या दिवशी चार पानं लिहून बसली. कपडे धुताना, विहिरीवरची मोटार सुरू असताना, म्हणजे आवाज बाहेर जाणार नाही अशा वेळी ती ती पानं म्हणून बघू लागली. सुरुवात कशी करायची यावर अडायची. ‘नमस्कार, मी दामिनी गावंडे’ इथपर्यंत ठीक व्हायचं. पुढे लोक सांगतात की मी शिक्षिका, मी गृहिणी, मी अमुक. तिने शेवटी लिहिलं, ‘मी वाचते.’

वडिलांना तिने एवढंच सांगितलं की अमरावतीला पुस्तकांचा कार्यक्रम आहे, नितेश अकोल्याहून येऊन दिवसभर थांबेल.

“जा न,” सर म्हणाले. “मी कधी अडवलं तुले?”

रविवारी ती पाचला उठली. भाजी-पोळी करून झाकली. औषधाच्या गोळ्या वाटीत काढून ठेवल्या. नितेशच्या लग्नातलं हिरवं नऊ-दहा वर्षांचं पातळ नेसली, त्याला घडीचा वास येत होता. पावणेआठला फोन वाजला.

“ताई, अवं मी निघालोच होतो,” नितेश म्हणाला. “पण आचलच्या माहेरचे सकाळीच येऊन धडकले. आता त्याइले टाकून कसा येऊ? पुढच्या रविवारी पक्का येतो.”

“पुढच्या रविवारी काय हाये?”

“काय हाये?”

“काहीच नाही,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

माणिकबाईंना कुंपणापलीकडून सगळं ऐकू गेलं होतं. त्या हात पुसत आल्या. “तू जाय पोरी. मी बसतो सरांपाशी. एक दिवस दुकान नाही लावलं तं का बिघडते?”

दामिनीने वडिलांकडे पाहिलं. सर खुर्चीत ताठ बसले होते, नुकतीच दाढी केलेली, धोतराच्या निऱ्या नीट.

“तुमचे उपकार हायेत माणिकबाई,” ते अदबीने म्हणाले. “पण मले मोरीत कोण नेईन?”

 गेल्या वर्षी सर मोरीत पाय घसरून पडले होते. तेव्हापासून त्यांना हात धरूनच न्यावं लागे. यात खोटं काही नव्हतं. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

“मी जा म्हणलं होतं,” सर पुढे म्हणाले. “अजूनबी म्हणतो.”

दामिनीने नत्थुजींना फोन लावला. ते स्टँडवर खिडकीजवळची जागा धरून बसले होते. “तुमी जा,” ती म्हणाली. “कोणी विचारलं तं म्हणा, जमलं नाही.” मागे कंडक्टरची घंटी वाजलेली तिला ऐकू आली. तिने माणिकबाईंना चहा केला. स्वतः मात्र पातळ बदललं नाही.

जेवणं झाली. भांडी झाली. दोन वाजले तसे सर म्हणाले, “आण. चौदावं हाये न आज?”

तिने दोन्ही पुस्तकं आणली. एक उघडलं, दुसरं पदराखाली मांडीवर ठेवलं. ती नेहमीसारखी वाचत गेली. सगुणेचा विलाप, गडकऱ्याचा पहारा, दासीला मध्यरात्री बोलावणं. सरांची मान लयीत हलत होती. तिकडे अमरावतीत आता लोक जमले असतील. खुर्च्या ओढल्याचे आवाज, कुणीतरी माइक तपासत असेल.

“‘...व चोरदरवाजाच्या एकवीस पायऱ्या ती उतरली,’” तिने वाचलं.

“वा,” सर म्हणाले. “पंधरावं.”

दामिनीने जुनं पुस्तक बाजूला ठेवलं. “‘पायऱ्या एकोणीसच होत्या,’” ती वाचू लागली. “‘रंगूने त्या अंधारात पायाने मोजल्या. आणि जिथे पायरी नव्हती तिथे तिने परकर गोळा करून उडी मारली.’”

सरांची मान थांबली. “हे कोठलं?”

ती वाचत राहिली.

“दामू. हे कोठलं वाचून राहिली तू?”

“रंगूचं.”

“बंद कर.”

तिने बंद केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांचं वाक्य संपायच्या आधी तिचं पुढचं वाक्य सुरू झालं. सरांचं बोट खुर्चीवर वाजलं, मग मूठ आपटली. ते उठायला गेले, पण काठी हाताला लागली नाही, आणि ते पुन्हा बसले. त्यांचा आवाज चढला.

“एकवीस! एकवीस पायऱ्या हायेत! ज्या बाईले पायऱ्या मोजता येत नाही तिनं माह्या सगुणेले हात लावायचा?”

दामिनी थांबली. पानावर बोट ठेवून तिने वर पाहिलं.

“बाबा, चवथ्या प्रकरणात काय होते?”

“काय होते?”

“तोफेचा गोळा चोरदरवाजावर पडते. ‘दोन पायऱ्या ढासळून खंदकात गेल्या.’ मंग चौदाव्यात एकवीस कोठून आल्या?”

 सरांचे ओठ हलू लागले. ते चौथं प्रकरण मनात म्हणत होते, पहिल्या ओळीपासून, हे तिला ओठांवरून कळत होतं. मध्येच ओठ थांबले, मागे गेले, तीच ओळ पुन्हा म्हटली. खुर्चीच्या हातावरची मूठ हळूहळू सुटली.

“ढासळल्या होत्या,” ते म्हणाले. “खरं हाये.” मग आणखी हळू, “तो इसरला.”

“तो इसरला. ही नाही इसरली,” दामिनी म्हणाली. “जिले पुस्तक पाठ असन तिलेच हे दिसन न बाबा? उष्टं खाणाऱ्याले दिसते का?” आणि मग, सकाळपासून मनात धरलेलं बाहेर आलं. “मले आज हेच सांगायचं होतं तिथं. दहा मिनिटं देली होती मले. चार पानं लिहिली होती. आता दुसरं कोणी बोलत असन.”

सरांनी तोंड खिडकीकडे वळवलं. त्यांना काहीतरी म्हणायचं असावं, कारण त्यांनी दोनदा घसा साफ केला.  दामिनीने वाट पाहिली. मग तिने डोळे पुसले आणि जिथे बोट होतं तिथून वाचायला घेतलं.

रंगूने रान ओलांडलं. काटा काढला. चिठ्ठी पोचवली. सगुणेच्या माहेरच्यांनी तिला ओसरीवर भाकर दिली आणि आत जाऊन फौजेची तयारी सुरू केली. ती जेवली का, हे कुणी पाहिलं नाही. पहाटे ती तिठ्यावर येऊन उभी राहिली. एक वाट गडाकडे जात होती. दुसरी तिच्या गावाकडे जात असावी, पण नऊ वर्षांची असताना तिला गडावर आणलं होतं आणि गावाचं नाव तिला आठवत नव्हतं. इथे लेखिकेने पंचवीस पानं लिहिली होती, नुसतं तिचं उभं राहणं.

ती पंचवीस पानं दामिनी सावकाश वाचू लागली. सरांचं बोट वाजलं नाही. चार वाजून गेले. चहाची वेळ झाली, कोणी उठलं नाही. एकदा फक्त सरांनी तिला थांबवून मोरीत न्यायला सांगितलं. ती हात धरून घेऊन गेली आणि घेऊन आली. खुर्चीत बसल्यावर ते म्हणाले, “त्या बाईची भाषा ठीक नाही. ‘उभी होती’ सात वेळा आलं.”

“आठ,” दामिनी म्हणाली.

“हं.”

ती पुन्हा वाचू लागली. माणिकबाई बाजारातून परतल्या, त्यांच्या हातगाडीची चाकं वाजली. शेजारी कुणीतरी टीव्ही लावला. रंगू अजून तिठ्यावरच होती. सांज झाली तशी अक्षरं धूसर व्हायला लागली. दामिनीने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, मग खिडकीकडे कललं, मग एका ओळीवर अडखळली आणि तीच ओळ पुन्हा सुरुवातीपासून वाचली.

“दामू,” सर म्हणाले.

तिला वाटलं, आता बंद कर म्हणतील.

“लाइट लाव. अंधार पडला असन. तुले दिसत नसन.”

अकरा वर्षांत त्यांनी हे कधी म्हटलं नव्हतं. दामिनी उठली. भिंतीवरचं बटण दाबलं. ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लागली. पुस्तक, खुर्ची, आणि खुर्चीत तिच्या दिशेला मान वळवून बसलेला तो म्हातारा माणूस तिला दिसला. ती जागेवर येऊन बसली आणि राहिलेलं पान तिने शोधलं.